पिलर्ड क्ले: पहिली बॅच चालते, दुसरी का पडते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीच्या थरांत टायटॅनियाचे (टायटॅनियम ऑक्साइडचे) किंवा ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) पिलर, म्हणजे थर फाकवून धरणारे टेकू, घातले (हीच पिलर्ड क्ले), वर तांबं किंवा लोखंड चढवलं आणि अमोनिया सोडून नायट्रोजन ऑक्साइडं कमी करण्याची चाचणी घेतली. पहिली बॅच झकास: ३०० अंश सेल्सिअसला नायट्रिक ऑक्साइडचं रूपांतरण नव्वदीच्या घरात. कृती तीच, रसायनांच्या बाटल्या त्याच, भट्टी तीच, तरी दुसरी बॅच पन्नाशीत अडकते. मग कुणीतरी सुचवतं, "तांबं वाढवून बघ." २ टक्क्यांचे ४ होतात, ४ चे ८ होतात, आणि आलेख सुधारायचं सोडून ३५० अंशांच्या पुढे कोसळायला लागतो.

तांब्याला एवढ्यात हात लावू नका. दुसरी बॅच पडते तेव्हा बिघाड बहुधा धातू चढवण्याच्या बराच आधी झालेला असतो: माती नीट उघडलेली नसते, किंवा उघडून पुन्हा मिटलेली असते, किंवा धुण्यात कसूर झालेली असते. आणि दुसऱ्याच बॅचला हे का घडतं याचं उत्तर साधं आहे. पहिली बॅच २ ग्रॅमची असते, मोठ्या बीकरमध्ये निगुतीने केलेली. ती चालली म्हणून दुसरी त्याच बीकरमध्ये २० ग्रॅमची होते. म्हणजे मिश्रण दाट, धुण्याचं पाणी तेवढंच, मुशीतला थर जाड. वहीत "तीच कृती" असं लिहिलेलं असलं तरी ती तीच नसते.

ज्यांना पार्श्वभूमी हवी त्यांच्यासाठी थोडक्यात. धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचे ४ रेणू, अमोनियाचे ४ आणि ऑक्सिजनचा १, यांतून नायट्रोजनचे ४ आणि पाण्याचे ६ रेणू व्हावेत, एवढंच उत्प्रेरकाकडून हवं असतं. बाजारात चालतो तो व्हॅनेडियम, टंगस्टन आणि टायटॅनिया यांचा, साधारण ३०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात. व्हॅनेडियम विषारी, शिवाय तो सल्फर डायऑक्साइडचं ट्रायऑक्साइड करतो, म्हणून पर्यायांचा शोध सुरू राहिला. मातीचे थर मोठ्या आयनांनी फाकवून धरायची कल्पना जुनी. बॅरर आणि मॅक्लिऑड यांनी १९५५ मध्ये सेंद्रिय अमोनियम आयनांनी ते करून दाखवलं होतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर जड तेल फोडण्यासाठी ॲल्युमिनाचे पिलर आले, पण रिजनरेटरमधल्या (वापरलेला उत्प्रेरक ताजा करणाऱ्या भांड्यातल्या) वाफेत ते टिकेनात आणि झिओलाइट या सच्छिद्र स्फटिकांनी बाजी मारली. नॉक्ससाठी (नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी) या मातीला पुन्हा उजेडात आणलं ते अमेरिकेत राल्फ यांग यांच्या गटाने, १९९२ पासून. पोलंडमध्ये क्राकोच्या यागेलोनियन विद्यापीठात लुत्स्यान ख्मिएलार्झ यांच्या गटाचंही यात बरंच काम आहे. कारखान्यात मात्र अजून जुन्या व्हॅनेडियमचंच राज्य आहे.

आधी आलेख वाचा

नमुना दोषी ठरवण्याआधी तापमान आणि रूपांतरण यांचा आलेख टेबलावर पसरा. त्याचा आकार निम्मं निदान सांगतो.

सगळ्याच तापमानांना रूपांतरण कमी असेल, वळण तेच पण उंची कमी, तर पृष्ठभाग कमी पडतोय: माती मिटलीय, किंवा नळीत गॅस नमुन्याला वळसा घालून कडेने जातोय. ३०० पर्यंत चांगलं आणि पुढे झपाट्याने घसरत असेल तर अमोनिया नायट्रिक ऑक्साइडशी भिडण्याऐवजी ऑक्सिजनशी जळतोय, आणि त्याला जबाबदार असतात तांब्याच्या ऑक्साइडचे बाहेर बसलेले गोळे. आलेख एका उंचीला जाऊन सपाट झाला, समजा ८८ टक्क्यांवर, आणि तापमान कितीही वाढवलं तरी हलत नसेल, तर उत्प्रेरकाचा काही दोष नाही. अमोनिया कमी पोचतोय. १००० पीपीएम नायट्रिक ऑक्साइडला ८८० पीपीएमच अमोनिया मिळाला तर छत ८८ लाच लागणार. मास फ्लो कंट्रोलर (वायूचा प्रवाह ठरवणारं यंत्र) साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरवर तपासा, तोही अमोनियाच्या लाइनवर, नायट्रोजनच्या नव्हे.

चौथा आकार सर्वांत फसवा: सुरुवातीला ९५, मग तासागणिक खाली. ताजी माती अमोनिया आणि थोडा नायट्रिक ऑक्साइडही शोषून घेते. त्या काळात दिसणारं "रूपांतरण" म्हणजे नुसतं शोषण. ते संपलं की खरा आकडा दिसतो, आणि लोक म्हणतात उत्प्रेरक मेला. प्रत्येक तापमानाला आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. कमी तापमानाला हे फार वेळखाऊ आहे, पण त्याला इलाज नाही.

गॅसची लाइन

केमिल्युमिनेसन्स ॲनालायझर (अभिक्रियेत निघणाऱ्या प्रकाशावरून नॉक्स मोजणारं यंत्र) फक्त नायट्रिक ऑक्साइड बघतो. नायट्रोजन डायऑक्साइड त्याला आतल्या कन्व्हर्टरने नायट्रिक ऑक्साइड करून द्यावा लागतो. कन्व्हर्टर स्टेनलेस स्टीलचा, उच्च तापमानाचा असेल तर नळीतून निसटलेला अमोनियाही तिथे ऑक्सिडाइज होऊन नॉक्स म्हणून मोजला जातो. मग चांगला नमुनाही वाईट दिसतो, आणि जेवढा अमोनिया निसटेल तेवढा जास्त वाईट. ॲनालायझरच्या आधी फॉस्फोरिक ॲसिडचा सापळा लावा, किंवा कमी तापमानाचा मॉलिब्डेनम कन्व्हर्टर वापरा.

उलट फसवणूकही होते. नायट्रस ऑक्साइड या यंत्राला दिसतच नाही. ९५ टक्के रूपांतरण दिसत असताना त्यातला बराच भाग नायट्रस ऑक्साइड असू शकतो, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा. गॅस क्रोमॅटोग्राफ किंवा एफटीआयआर (अवरक्त किरणांनी वायू ओळखणारं यंत्र) हाताशी नसेल तर "नायट्रोजनकडे निवड चांगली आहे" असं लिहू नये, इतकंच.

रिअॅक्टरपासून ॲनालायझरपर्यंतची नळी गरम ठेवा. थंड कोपऱ्यात पाणी साचलं की त्यात अमोनिया विरघळतो, नायट्रोजन डायऑक्साइड विरघळतो, आणि गणित जुळत नाही. बाहेरच्या टोकाला पांढरी बुकटी जमलेली दिसली तर तिला पुसून टाकू नका, ती पुरावा आहे. थोडी पाण्यात विरघळवा, नायट्रिक ॲसिडचा थेंब टाका, मग एका भागात सिल्व्हर नायट्रेट आणि दुसऱ्यात बेरियमचं क्षार. पहिल्यात दही झालं तर क्लोराइड, म्हणजे नमुना नीट धुतला गेलेला नाही. दुसऱ्यात गढूळलं तर सल्फेट. दोन्हींत काहीच नाही आणि गॅसमध्ये नायट्रोजन डायऑक्साइड होता, तर अमोनियम नायट्रेटचा संशय घ्या; ते खरवडू नका, तापवू नका, भरपूर पाण्याने धुऊन काढा.

एकदा क्वार्ट्झ वूल भरलेली रिकामी नळीही चालवून बघा. शेकडा ५-७ रूपांतरण रिकाम्या नळीतच मिळालं तर ते तुमच्या उत्प्रेरकाच्या खात्यावर जमा करू नका.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) ५ अंशांपासून सुरू केला?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो आणि उत्तर बहुधा "हो" येतं. पावडरचा नेहमीचा स्कॅन ५ किंवा १० अंश टू-थीटापासून (टू-थीटा म्हणजे किरण किती वळला तो कोन) लावलेला असतो, कारण यंत्र चालवणाऱ्याकडे बाकी नमुने धातूंचे आणि ऑक्साइडांचे येतात. आता हिशेब करा. यंत्रातल्या तांब्याच्या नळीतून येणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. माती पूर्ण मिटली, थरापासून थराचं अंतर ९.६ अँगस्ट्रॉमवर आलं, तर शिखर ९.२ अंशांना. सोडियमची माती पाण्याच्या एका थरासह १२.५ अँगस्ट्रॉम, शिखर ७.१ च्या आसपास. कॅल्शियमची, पाण्याचे दोन थर, १५ अँगस्ट्रॉम, ५.९. ॲल्युमिनाचे पिलर नीट बसले की १८ अँगस्ट्रॉम, आणि शिखर ४.९ अंशांना. टायटॅनियाच्या पिलरांनी अंतर २८ पर्यंत गेलं तर ३.२ अंश. म्हणजे ज्या शिखरासाठी एवढा खटाटोप केला ते स्कॅन सुरू होण्याआधीच संपलेलं असतं, आणि अहवालात लिहिलं जातं, "पिलरिंग झालं नाही."

स्कॅन १.५ किंवा २ अंशांपासून लावायला सांगा. अरुंद स्लिट लागेल, डिटेक्टरवर थेट किरण पडू नये म्हणून चालक कुरकुर करेल, पण हे करून घ्या. नमुना काचेवर पातळ ओघळ सोडून वाळवलेला असेल तर थर आडवे बसतात आणि शिखर जास्त ठळक येतं.

त्याच स्कॅनचा पुढचा भाग फुकट मिळतो, तोही बघा. २५.३ अंशांना ॲनाटेज दिसलं तर टायटॅनिया थरांत न शिरता बाहेरच साखळलाय. २६.६ चं टोकदार शिखर क्वार्ट्झचं, म्हणजे माती शुद्ध करताना घाई झाली. ३५.५ आणि ३८.७ ला जोडी दिसली तर तांब्याचं ऑक्साइड.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. टायटॅनियाच्या पिलरांत कधी कधी लहान कोनाचं शिखर येतच नाही आणि तरीही नमुना उत्तम चालतो. थर एकावर एक न रचता पत्त्यांच्या बंगल्यासारखे अस्ताव्यस्त टेकलेले असतात, त्यामुळे नियमित अंतर राहत नाही पण पोकळी भरपूर असते. हे मिटलेल्या मातीपासून वेगळं ओळखायचं तर नायट्रोजन शोषण बघा. कच्च्या सोडियम मातीच्या थरांत नायट्रोजन शिरत नाही, म्हणून त्या शोषणावरून काढलेला बीईटी पृष्ठभाग ग्रॅमला काही दहा चौरस मीटरच येतो. पिलर बसले की २०० ते ३०० होतो. शिखर नाही पण पृष्ठभाग २५० आहे, तर पुढे चला. शिखर नाही आणि पृष्ठभाग ५० आहे, तर इथेच थांबा. पुढे धातू चढवणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

मातीचा सोडियम: आधी हवा, पुढे तोच नडतो

पिलर शिरायचे तर थर पाण्यात पूर्ण सुटे व्हायला हवेत. सोडियमची माती तशी सुटते. कॅल्शियमची नाही; तिचे थर पाण्यात ठराविक अंतरापर्यंतच फाकतात आणि गठ्ठ्याने राहतात. कच्छचं बेंटोनाइट पोत्यातून येतं तेव्हा त्यातला कॅल्शियम-सोडियमचा वाटा पोत्यागणिक वेगळा असतो, आणि "ॲक्टिव्हेटेड" असं लिहिलेल्या मालात धुण्याचा सोडा मिसळलेला असतो. म्हणून लेबल काहीही असो, १ मोलर मिठाच्या द्रावणात तीनदा ढवळून सोडियम भरून घ्या. त्याआधी २ मायक्रॉनखालचा भाग निवळून काढा. स्टोक्सच्या नियमाने (कण पाण्यात किती वेगाने खाली बसतात ते सांगणाऱ्या) २० अंशांना १० सेंटिमीटरला साधारण ८ तास लागतात. नागपुरात मे महिन्यात पाणी पातळ झालेलं असतं, तिथे वरचं पाणी ६ तासांतच घ्यावं लागतं, नाहीतर हवा तो भागही तळाशी बसतो. पुस्तकातले ८ तास युरोपातल्या प्रयोगशाळेचे.

शेवटची धुणी नळाच्या पाण्याने केली तर सगळं मुसळ केरात. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम लगेच सोडियमची जागा घेतो, आणि २० ग्रॅम मातीला लागतं तेवढं डिस्टिल्ड पाणी कुणी काढून ठेवलेलं नसतं. दुसऱ्या बॅचच्या अपयशाचं हे कारण मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी पाण्याची टाकीच विचारतो.

"आपल्याकडची काळी माती का नाही वापरायची?" हेही हमखास विचारलं जातं. विदर्भ-मराठवाड्यातली रेगूर स्मेक्टाइटचीच (पाण्यात फुगणाऱ्या थरांच्या खनिजाचीच) आहे, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या त्यामुळेच. पण ती कॅल्शियमने भरलेली, तिच्यात चुनखडीचे खडे, ह्यूमस आणि लोहाची ऑक्साइडं. ॲसेटिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड, लोह काढायची प्रक्रिया, एवढं सगळं करून हाती लागते मूठभर माती. संशोधनाचा प्रश्न म्हणून ठीक, उत्प्रेरक हवा असेल तर कच्छचं पोतं आणा.

आता सोडियमची दुसरी बाजू. पिलरांनी जो सोडियम हटवला नाही तो थरांतच राहतो, आणि नॉक्सच्या अभिक्रियेत तोच विष ठरतो. अमोनिया मातीच्या आम्लीय जागांवर बसतो. सोडियम, पोटॅशियम त्याच जागा अडवतात. म्हणून पिलरिंगनंतर आयसीपीवर (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) सोडियम मोजून घ्या. शून्याजवळ नसेल तर पिलर अर्धवट बसलेत असं समजायला हरकत नाही.

पिलरांचं द्रावण

ॲल्युमिनाच्या पिलरांमागे असतो तेरा ॲल्युमिनियम अणूंचा, केगिन नावाच्या रचनेचा आयन, भार अधिक ७. तो हवा तर ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात अल्कली थेंबाथेंबाने, जोरात ढवळत, हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण २.० ते २.४ राहील इतकंच घालायचं. पांढऱ्या गुठळ्या पडून त्या ढवळूनही विरत नसतील तर वेग जास्त झाला. ते द्रावण फेकून नवं करा, गाळून वापरू नका. मग ते रात्रभर मुरू द्या. माती पाण्यात १ ते २ टक्क्यांपेक्षा दाट नको. २० ग्रॅमला एक लिटर पाणी ही खालची मर्यादा झाली. ५०० मिलीच्या बीकरमध्ये ते होणार नाही.

टायटॅनियाच्या बाबतीत टायटॅनियम टेट्राक्लोराइड थंड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकून हळूहळू पातळ करतात. आम्ल फार कमी केलं तर टायटॅनिया लगेच साखळतो, फार ठेवलं तर ते मातीच्या आतलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम खाऊन टाकतं. शेवटचं आम्ल ०.६ मोलरच्या आसपास ठेवण्याची रीत चांगली आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ही बाटली उघडताच पांढरा धूर उठतो. फ्यूम हूड चालू असेल आणि पिपेट कोरडी असेल तरच उघडा. दमट हवेत अर्धवट हायड्रोलाइझ झालेल्या बाटलीचा मोलर आकडा लेबलवरचा राहत नाही, हाही दुसऱ्या बॅचचा एक छुपा शत्रू.

धुणं

इथे घाई केली की बाकीचं सगळं बरोबर असूनही नमुना जातो. क्लोराइड उरलं तर तीन ठिकाणी त्रास देतं. वाळवताना मीठ घट्ट होत जाऊन पिलर विस्कळीत होतात. भट्टीत हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटून थरांना खातं. पुढे तांबं चढवल्यावर तांब्याचं क्लोराइड उडून जातं किंवा इकडून तिकडे सरकतं, म्हणून आयसीपीतलं तांबं घातलेल्या तांब्यापेक्षा कमी भरतं. ॲल्युमिनाच्या बाबतीत तर धुण्यानेच पिलरिंग पूर्ण होतं. न धुतलेल्या नमुन्यात १८ चं शिखर ढोबळ, पसरट येतं आणि धुता धुता टोकदार होत जातं.

सेंट्रिफ्यूजच्या फेऱ्या मोजून धुणं संपवू नका. वरचं पाणी परीक्षानळीत घ्या, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरा. नुसत्या उजेडात जे स्वच्छ वाटतं ते काळ्यासमोर दुधाळ दिसतं. दुधाळपणा जाईपर्यंत धुवा. दाट बॅचला डायलिसिसची नळी (क्षार बाहेर सोडणारी, माती अडवणारी) बरी: माती भरून नळी मोठ्या टबात सोडा, पाणी बदलत राहा. क्लोराइड जाऊ लागलं की माती सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसेनाशी होते, पाणी धुरकट राहतं. लोक यालाच "माती वाहून जातेय" समजून धुणं थांबवतात. खरं तर ते धुणं मार्गी लागल्याचं लक्षण आहे. वेग वाढवा, किंवा डायलिसिसवर जा.

भट्टी

थर पातळ, मूस उघडी, चढण मिनिटाला १ ते २ अंश, शेवट ४०० ते ५००. झाकलेल्या खोल मुशीत मातीतून निघालेली वाफ कोंडते आणि पिलर त्या वाफेत कोसळतात. तेलशुद्धीकरणात जे झालं तेच लहान प्रमाणात. वरचा भाग चांगला आणि तळाचा मिटलेला निघतो, म्हणून एकाच बॅचचे दोन नमुने दोन आकडे देतात. ६०० च्या पुढे मातीचे स्वतःचे हायड्रॉक्सिल निघायला लागतात. तिकडे जायचं कारण नाही.

आता धातू

हिशेबच सांगतो. कच्च्या मातीची आयन अदलाबदलीची क्षमता १०० ग्रॅमला १०० मिलीइक्विव्हॅलंट (म्हणजे एक भाराचे १०० मिलीमोल आयन) धरली, तर दोन भाराचं तांबं त्यात ५० मिलीमोल मावतं, म्हणजे सुमारे ३.२ ग्रॅम. हा कच्च्या मातीचा आकडा. पिलर घालून तापवल्यावर पिलरांतून सुटलेले प्रोटॉन थरांच्या आत शिरतात आणि क्षमता आणखी उतरते. मग ८ टक्के तांबं बसणार कुठे? बाहेर, ऑक्साइड होऊन. तेच ३५० च्या पुढे अमोनिया जाळतं आणि नायट्रस ऑक्साइडही वाढवतं. डोळ्यांनाही दिसतं: सुट्या आयनांचा नमुना फिकट हिरवट-निळसर, ऑक्साइडवाला करडा-काळा.

तांबं कमी चढत असेल तर द्रावण दाट करण्याआधी तापवलेल्या मातीला अमोनियाची वाफ द्या. आत अडकलेले प्रोटॉन बाहेर येऊन क्षमता बरीचशी परत मिळते. मग कॉपर ॲसिटेट किंवा नायट्रेटचं पातळ द्रावण, पीएच ५ च्या आसपास. त्यावर गेलात तर हायड्रॉक्साइड साखळतं आणि पुन्हा तेच बाहेरचं ऑक्साइड. लोखंडाचं तर ३ पीएचलाच साखळायला लागतं, त्यामुळे लोखंडाच्या द्रावणात पीएचवर डोळा जास्त हवा. कच्छच्या मातीत मुळातच लोह असतं, तेव्हा धातू न चढवलेल्या पिलर्ड क्लेची चाचणी घेतल्याशिवाय "लोखंडामुळे इतका फायदा" असं म्हणता येत नाही.

सल्फर, राख आणि गोळ्या

२५०-२८० अंशांखाली सल्फर डायऑक्साइडसह चाचणी घेतली आणि रूपांतरण हळूहळू पडत गेलं, तर छिद्रांत अमोनियम बायसल्फेट साचतंय. ते १४७ अंशांना वितळतं, पण चिकट होऊन बसतं, लवकर जात नाही. गॅस बंद करून हवेत ३५०-४०० पर्यंत तापवा. रूपांतरण परत आलं तर निदान पक्कं. नाही आलं तर धातूचंच सल्फेट झालंय, आणि ते तांब्याच्या बाबतीत जास्त. उच्च तापमानाला थोडं सल्फेट आम्लता वाढवून मदतही करतं, म्हणून सल्फरच्या चाचणीचा एकच आकडा देऊ नये, तापमान सोबत लिहावं.

भारतीय कोळशात सल्फर तुलनेने कमी आणि राख ३० ते ४५ टक्के. विदर्भातल्या वीजकेंद्रांत जळणारा कोळसाही याच जातीचा. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने नॉक्सची मर्यादा घनमीटरला २००३ अखेरपर्यंतच्या संचांना ६०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ च्या संचांना ३०० आणि त्यानंतरच्यांना १०० अशी ठरवली. मधल्या गटाची २०२० मध्ये ४५० झाली. तेव्हा इथल्या धुरासाठी काम करणाऱ्याने सल्फरपेक्षा राखेतल्या अल्कलीची आणि घासून झिजण्याची चाचणी आधी घ्यावी. नुसत्या पावडरवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत ती कुणी घेत नाही.

पावडरच्या गोळ्या किंवा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखे ठोकळे) करताना नमुना पडला तर बाइंडर काय वापरलं ते विचारा. बांधायला स्वस्त म्हणून कच्चं सोडियम बेंटोनाइट घातलेलं असतं, आणि एवढ्या कष्टाने काढलेला सोडियम मागच्या दाराने परत आत येतो.

पडलेली बॅच वाचते का?

कधी कधी. तापवण्याआधीचा नमुना क्लोराइडने अडला असेल तर पुन्हा धुऊन वाचतो. सोडियम उरला असेल तर अमोनियम नायट्रेटच्या पातळ द्रावणाने अदलाबदल करून, धुऊन, तापवून बघा. बाहेरचं तांब्याचं ऑक्साइड सौम्य आम्लाने काढता येतं, पण सोबत आतलं तांबंही जातं, तेव्हा तो खेळ फारसा परवडत नाही. भट्टीत मिटलेली माती मात्र उघडत नाही, ९.६ चं शिखर तापवल्यानंतर आलं असेल तर बरणी रिकामी करा.

पुढच्या बॅचला प्रत्येक टप्प्यावरचा चमचाभर माल लेबल लावून बाजूला ठेवा: सोडियम भरल्यावर, पिलर घातल्यावर पण न धुता, धुतल्यावर, तापवल्यावर, धातू चढवल्यावर. दोन अंशांपासूनचे पाच एक्सआरडी एकाखाली एक लावले की बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला ते यंत्राच्या खोलीतच कळतं, रिअॅक्टर जोडावाही लागत नाही.